परतीचा रस्ता : गावच्या स्पर्धेतून संघ माघार घेतो तेव्हा

पार्श्वभूमी

वर्धा नदीच्या एका काठावर यजमान गाव, दुसऱ्या काठावर पाहुणं गाव. मधे पूल. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, पोलीस ठाणं बदलतं. गावांची आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

यजमान गावात सोयाबीन निघालं की गावालगतच्या एका वावरात रोलर फिरतो आणि जानेवारीत टेनिस बॉलचे खुले सामने होतात. आठ षटकांचा डाव, पंधरा जणांची यादी, प्रवेश फी. पहिलं बक्षीस कृषी केंद्रवाल्याकडून, दुसरं एका माजी सभापतींकडून. बल्ल्यांवर हॅलोजन, कडेला जनरेटर, माईकवर गावातलाच एक पोट्टा. मैदानाच्या तीन बाजूंना तूर उभी असते. ‘आणि हा चेंडू... थेट तुरीत!’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग फलंदाजासकट सगळे तुरीत शिरतात आणि चेंडू सापडेपर्यंत सामना थांबतो. मी तालुक्याच्या गावचा. इथे गुणलेखन करतो, आणि नियमावरून वाजलं की पंच माझ्याकडे पाहतात. दोन्ही गावांत माझी सोयरीक नाही, एवढीच माझी पात्रता.

या स्पर्धांना हलकं समजू नये. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिस बॉल खेळत खेळतच भारताच्या संघापर्यंत पोचला. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीनदा रणजी जिंकल्यापासून तर प्रत्येक गावात एक-दोघं तरी नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमकडे डोळे लावून बसलेले असतात.

दोन गावांचं नातं भांडणाचंही आहे आणि बैठकीचंही. वर्धा जिल्ह्यात 1974पासून दारूबंदी, त्यामुळे यजमान गावातले अनेक जण ‘सोसायटीचं काम आहे’ सांगून संध्याकाळी पूल ओलांडतात. तिकडच्या दुकानात दोन्ही गावं एका बाकावर बसतात. क्रिकेटमध्ये मात्र बसत नाहीत.

आधीच्या वर्षी अंतिम सामन्यात एका धावबादवरून मारामारी झाली. पंच यजमान गावचा होता. मैदानातलं भांडण मोठ्यांनी सोडवलं. खरा प्रकार नंतर घडला. पाहुण्यांची गाडी परत जाताना नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, अंधारात दगड आले, मागची काच फुटली, यष्टिरक्षकाच्या कपाळाला टाके पडले. तक्रार झाली नाही. तंटामुक्ती समितीने बैठक घेतली, चहा झाला, हात मिळवले. काच कोणी भरून दिली नाही.

अडचण

गेल्या वर्षी पाहुणा संघ पुन्हा आला. साखळीतले त्याचे सामने दुपारी होते आणि ते शांततेत झाले. उपांत्य फेरीत गाठ पडली यजमान गावाशीच, तीही रात्रीच्या सत्रात, सातला. दोन दिवस आधी व्हॉट्सअपवर आवाजाची एक क्लिप फिरली. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा आवाज: ‘या तर खरं. रपट्यावर पाहून घेतो.’ आवाज कोणाचा ते यजमान गावात सगळ्यांना कळलं होतं. पोरगा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांच्या चुलतभावाचा.

त्याच रात्री पाहुण्या कप्तानाचा मला फोन आला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, बोलणं मोजकं. ‘सर, खेळायले कोनाले भेव नाही. परत कसं यायचं, ते सांगा. नाहीतर आमचं नाव काटा.’

मंडळाच्या अध्यक्षांना कळवलं तर ते उखडले. ‘माह्या गावात त्याईच्या अंगाले कोन हात लावते? जबाबदारी माही.’ मंडळातल्या पोरांनी निराळाच हिशोब मांडला: ‘येत नसन तर नको येऊ देऊ, आपन डायरेक्ट फायनलले.’ आणखी एक कुजबुज होती. पाहुण्यांचा मुख्य गोलंदाज आजारी आहे, हरायच्या भीतीने बहाणा चालला आहे. ही कुजबुज प्रत्येक माघारीमागे असतेच, पातळी कोणतीही असो, आणि तिची शहानिशा करत बसणं फुकट. बहाणा असला तरी क्लिप खरी होती, आणि आधीच्या वर्षीचे टाकेही खरे होते.

अध्यक्ष खोटं बोलत नव्हते. मैदानावर काही होऊ देणार नाहीत, याबद्दल मला शंका नव्हती. पण ते मैदानाची हमी देत होते आणि पाहुणे रस्त्याबद्दल विचारत होते. असले पेच बहुतेक इथेच अडतात. 2002च्या मे महिन्यात कराचीत बॉम्ब फुटला तो न्यूझीलंडच्या हॉटेलाबाहेर. 3 मार्च 2009ला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या बसवर गोळीबार झाला तो गद्दाफी स्टेडियमच्या वाटेवर, लिबर्टी चौकाजवळ. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर भारताने तो दौरा रद्द केला होता, म्हणून श्रीलंका त्या जागी गेली होती. सुरक्षेची आश्वासनं मोठी होती. सहा पोलीस आणि दोन नागरिक गेले. खेळाडू वाचले ते चालक मेहर मोहम्मद खलील याने बस न थांबवता स्टेडियमात नेली म्हणून. आपल्या रपट्यावरच्या दगडांची आणि लाहोरची बरोबरी कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण पाहुण्याचा जीव कुठे अडकलेला असतो, ते दोन्हीकडे सारखंच आहे.

पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: पाहुणे गैरहजर, यजमान पुढे. छापील पत्रकात नियम होताच, ‘वेळेवर हजर न राहणारा संघ बाद, प्रवेश फी परत मिळणार नाही.’ मोठ्या क्रिकेटमध्येही बरेचदा हेच झालं आहे. 31 जानेवारी 1996ला कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर स्फोट झाला आणि दोन आठवड्यांनी विश्वचषक होता. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज कोलंबोला गेले नाहीत. मधे अझहरुद्दीनच्या नेतृत्वाखाली भारत-पाकिस्तानचा एकत्र संघ तिथे जाऊन खेळला, सचिन आणि वसीम अक्रम एका बाजूने, तरी त्यांचं मन वळलं नाही. श्रीलंकेला दोन सामन्यांचे गुण बसल्या जागी मिळाले. लाहोरच्या अंतिम सामन्यात तिने त्याच ऑस्ट्रेलियाला सात गड्यांनी हरवलं, म्हणून तोंडं बंद झाली. केनियाचं तसं झालं नाही. 2003 मध्ये न्यूझीलंडने नैरोबीला जायचं नाकारलं, केनियाला गुण मिळाले आणि तो उपांत्य फेरीत पोचला. त्याच नैरोबीत श्रीलंका मात्र खेळली आणि हरली, कॉलिन्स ओबुयाने पाच बळी घेतले. तरी आजही लोक म्हणतात, केनियाला फुकटचे गुण मिळाले. आमच्या मंडळातल्या पोरांना मी एवढंच सांगितलं: घरच्या मैदानावर, घरच्याच पोराच्या धमकीमुळे फायनलला गेलात, तर करंडकावर हे कायमचं चिकटेल.

दुसरा पर्याय, बदली संघ. उपांत्यपूर्व फेरीत हरलेला एक संघ तयारच होता. 2016च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने सुरक्षेचं कारण देऊन बांगलादेशला जायचं टाळलं तेव्हा आयर्लंडला बोलावलं होतं. पण ते स्पर्धा सुरू होण्याआधी. आमच्याकडे उपांत्य फेरी लागलेली, त्यामुळे हा पर्याय मी फार वेळ धरून ठेवला नाही.

तिसरा, तटस्थ मैदान. तालुक्याच्या क्रीडा मैदानावर दुपारी सामना. कागदावर हा सगळ्यात न्याय्य दिसतो आणि मंडळातल्या एका शिक्षकांचा यावर फार जीव होता. मला मात्र यातली पुढची साखळी दिसत होती. 2025च्या चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी भारत पाकिस्तानात गेला नाही, भारताचे सामने दुबईत झाले, भारत जिंकलाही. पण त्या तडजोडीतच ठरलं की 2027पर्यंत भारतातल्या स्पर्धांमध्ये पाकिस्तानही तटस्थ ठिकाणी खेळणार, आणि त्याच वर्षी महिला विश्वचषकात पाकिस्तानचे सामने कोलंबोत झाले. एकाला जागा बदलून दिली की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? शिवाय मैदानाचं भाडं, दोन गाड्या, आणि यजमान गावात भज्यांचा, चहाचा, अंडाभुर्जीचा ठेला लावणाऱ्यांचा बुडणारा धंदा. तो धंदा किरकोळ समजू नये. अर्धी वर्गणी त्याच लोकांची असते.

चौथा पर्याय कोणी मांडला नव्हता, तो कप्तानाच्या प्रश्नातून निघाला. मैदान तेच, वेळ बदलायची, आणि रस्ता पाहुण्यांनी स्वतः तपासायचा.

काय केलं

यजमानांनी दिलेल्या हमीला पाहुण्यांच्या लेखी किंमत नसते, कारण दगड यजमानाला लागणार नसतो. इंग्लंडचं 2008चं उदाहरण मी बैठकीत दिलं. 26 नोव्हेंबरला कटकचा एकदिवसीय सामना झाला, त्याच रात्री मुंबईवर हल्ला. इंग्लंडचा संघ मायदेशी गेला. मग त्यांची स्वतःची सुरक्षा माणसं येऊन पाहून गेली, अहमदाबाद आणि मुंबईच्या कसोट्या चेन्नई आणि मोहालीला हलल्या, आणि डिसेंबरात संघ परत आला. चेन्नईत भारताने चौथ्या डावात 387 धावांचा पाठलाग केला आणि सचिन 103 वर नाबाद राहिला. पाहणाऱ्याने स्वतः पाहिलं, म्हणून ती कसोटी झाली.

अध्यक्षांना हे पटायला वेळ लागला. ‘म्हणजे आमी खोटे?’ हा त्यांचा सवाल होता. पोलीस पाटलांनी बाजू सावरली: ‘भाऊ, पोरगी द्यायच्या आधी लोक घर पाहूनच जातात ना? त्यात अपमान कायचा?’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्या गावाहून दोघं आले: कप्तान आणि टाके पडलेल्या यष्टिरक्षकाचे वडील. सामन्यानंतर गाडी ज्या वेळी निघाली असती, त्याच वेळी आम्ही पायी निघालो. मैदानापासून रपट्यापर्यंत पाऊण किलोमीटर. पांदण रस्ता, दोन्ही बाजूंना माणसाच्या खांद्याएवढी पऱ्हाटी, बोंडं फुटलेली. एकच खांब, त्यावरचा दिवा बंद. रपट्यापाशी गिट्टीचा ढीग पडलेला होता, रस्त्याच्या कामाचा, आधीच्या वर्षीचाच. यष्टिरक्षकाचे वडील ढिगाजवळ थांबले, मोबाईलचा टॉर्च त्यावर मारला आणि अध्यक्षांना म्हणाले, ‘मागच्या वर्षीबी जबाबदारीच होती भाऊ. दगड बी हेच होते.’ अध्यक्ष काही बोलले नाहीत. माझ्या मते निर्णय तिथेच झाला. बैठकीत फक्त तो लिहून काढला.

ठरलं ते असं. सामना सकाळी साडेआठला. गिट्टी ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरने उचलायची. येताना-जाताना पोलीस पाटील आणि अध्यक्ष पाहुण्यांच्या गाडीतच बसतील, मागे मोटरसायकलवर नव्हे. पंच तिसऱ्या गावचे. क्लिपवाल्या पोराने मोठ्यांसमोर माफी मागायची.

पोलिसांकडे जायचं की नाही, यावर बराच खल झाला. पाहुण्यांना लेखी तक्रार हवी होती. पण कुठल्या ठाण्यात? धमकी इकडची, ऐकणारे तिकडचे. आता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो, हे पोलीस पाटलांना माहीत होतं. मंडळाला भीती वेगळीच: ठाणेदारांपर्यंत गोष्ट गेली तर लाऊडस्पीकरची परवानगी जाईल. रात्री दहानंतर माईक बंद हा नियम आधीच मोडत आलेला, त्यामुळे तिकडे तोंड दाखवायची हिंमत नव्हती. शेवटी पोलीस पाटलांनी बीट जमादारांना तोंडी कल्पना दिली आणि सामन्याला दोन होमगार्ड आले. तक्रार नाही. हा मधला मार्ग मला तेव्हाही लंगडा वाटला.

निकाल

सामन्याच्या सकाळी पाहुण्यांच्या गाडीतून यादीतले नऊच जण उतरले.

संघाने हो म्हटलं होतं, घरांनी म्हटलं नव्हतं. यष्टिरक्षकाच्या आईने त्याला पाठवलं नाही, वडील स्वतः रस्ता पाहून गेले असूनही. आणखी काही जण असेच मागे राहिले. हे मला आधी सुचायला हरकत नव्हती, कारण मोठ्या संघांतही असंच होतं. 2016 मध्ये इंग्लंड बांगलादेशला गेलं, पण मॉर्गन आणि हेल्स गेले नाहीत. 2019 मध्ये श्रीलंकेच्या दहा खेळाडूंनी पाकिस्तानला जायचं नाकारलं, आणि उरलेल्या नवख्या संघाने तिथे टी-ट्वेंटी मालिका तीन-शून्य जिंकली.

आमच्याकडे असला चमत्कार झाला नाही. पण एक चांगली गोष्ट झाली. कप्तान सोबत दोन पोरं घेऊन आला होता, यादीत नाव नसलेली. नियमाने ती चालत नव्हती. मी यजमान कप्तानाला विचारलं, त्याने पाठीमागच्या कुरकुरीकडे न पाहता म्हटलं, ‘खेळू द्या सर. नऊ जनाईले हरवून काय नाव होते?’ मंडळातले दोघं रुसून मैदानाबाहेर गेले. कप्तानाचं वय बावीस. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा माणूस तोच होता.

पाहुणे अकरा धावांनी हरले. भांडण झालं नाही. साडेअकराच्या आत त्यांची गाडी पूल ओलांडून गेली, अध्यक्ष आणि पोलीस पाटील आतच बसलेले. तिकडे त्यांना जेवायला थांबवलं गेलं आणि दोघं परतले ते संध्याकाळी. कसे परतले, ते इथे लिहीत नाही.

नुकसानही झालं. सकाळच्या सामन्याला रात्रीच्या मानाने गर्दी फारच कमी, ठेलेवाले नाराज. दुसऱ्या उपांत्य सामन्यातल्या एका संघाने लगेच मागणी केली, आमचाही सकाळी घ्या. कारण विचारलं तर त्यांचा सलामीचा फलंदाज रात्री जिनिंगमध्ये कामाला होता. नाही म्हणताना मंडळाची अडचण झाली, कारण आधीच्या बदलाचं कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांना रात्रीच खेळवलं. ते हरले आणि ‘मोठ्या गावाला एक न्याय, आम्हाला दुसरा’ असं म्हणत गेले. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच म्हटलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्लिपवाल्या पोराने माफी मागितली, टाळ्याही वाजल्या, आणि अर्ध्या तासाने तो सीमारेषेवर उभा राहून घोषणा देत होता. त्याला त्या दिवसापुरतं मैदानाबाहेर ठेवायला हवं होतं. नात्याचा होता म्हणून जमलं नाही. पाहुण्यांनाही हे खटकलं, असं कप्तानाने मला नंतर सांगितलं: ‘माफी दिसली, पन तो बी दिसला.’

दुसरं म्हणजे वेळापत्रक. आधीच्या वर्षी राडा झालेल्या दोन संघांची गाठ पडू शकते हे साखळीच्या वेळीच दिसत होतं. तेव्हाच सामना दिवसा लावला असता, तर कोणाला माघार घ्यावी लागली नसती आणि कोणाला मनवावंही लागलं नसतं. क्लिप आल्यावर बदललेली वेळ ही शरणागतीसारखी दिसते, आधी लावलेली वेळ नुसतं वेळापत्रक असते.

पंचांचा आणि माझा विचार तर कोणीच केला नव्हता. स्पर्धाभर आम्ही त्याच पांदण रस्त्याने रात्री मोटरसायकलवर परत जातो, आणि धावबाद देणारे आम्हीच. लाहोरमध्ये बसमागे सामनाधिकाऱ्यांची गाडी होती. तिचा चालक मारला गेला, राखीव पंच अहसान रझा गोळ्या लागून जबर जखमी झाले. ते पुढे बरे होऊन पुन्हा आंतरराष्ट्रीय सामन्यांत उभे राहिले. पण खेळाडूंच्या बसचा चालक सगळ्यांना आठवतो आणि मागची गाडी कोणाला आठवत नाही. हे मी बैठकीत बोललो तेव्हा एक जण हसला. पुढच्याच वेळी पंच मिळेनात, तेव्हा हसणं थांबलं.

यंदाच्या पत्रकात आता एक नवा नियम घातला आहे. सुरक्षेचं कारण देऊन वेळ बदलून हवी असेल, तर संघाने अट्ठेचाळीस तास आधी लेखी कळवायचं. रस्ता पाहायला दोन्हीकडची दोन-दोन माणसं जायची. पाहणी होऊनही संघ आला नाही तर बाद, पण प्रवेश फी परत. शेवटच्या तीन शब्दांवर मंडळात मतदान घ्यावं लागलं. रपट्याजवळच्या खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीने लावून दिला. यादी पंधराऐवजी अठराची केली.

गाडीत सोबत बसणाऱ्या माणसांचा, पंचांच्या गाडीचा आणि होमगार्डच्या चहापाण्याचा खर्च कोणी करायचा, एवढं अजून ठरलेलं नाही. पाहुणे म्हणतात यजमानांनी, यजमान म्हणतात निम्मा-निम्मा. तान्ह्या पोळ्यानंतर बैठक आहे.